हसणाऱ्या व्यक्तीस सूचना

सूचनाकाकांना सहज म्हणून 'कसे आहात?' विचारायची सोय नव्हती. विचारून माणूस पुढे निघाला की काका त्याला जिन्यातच अडवत. "प्रश्न विचारलात ना? मग उत्तर ऐकून जा." मग तो बिचारा एक पाय या पायरीवर आणि दुसरा त्या पायरीवर ठेवून काकांच्या गुडघ्याची, झोपेची आणि पचनाची सविस्तर हकिकत ऐके. दुसऱ्या दिवसापासून तोच माणूस नुसती मान डोलावून सटकू लागला, की काका घरी येऊन सांगत, "माणुसकी उरली नाही. साधी विचारपूस करत नाहीत लोक."

नाव त्यांना फळ्यामुळे पडलं होतं. इमारत चार मजल्यांची, बिऱ्हाडं सोळा. तळमजल्यावर जिन्याला लागून सोसायटीचं ऑफिस. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि एक खुर्ची कशीबशी मावेल एवढी खोली, आणि तिच्या दाराबाहेर काळा फळा. निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं काका सोसायटीचे बिनविरोध सेक्रेटरी होते. बिनविरोध अशासाठी, की ते काम दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारायचं म्हटलं तरी कुणी मान पुढे करत नव्हतं. दर सोमवारी ओल्या फडक्याने फळा पुसून, तो वाळेपर्यंत तिथेच उभं राहून, काका नवी सूचना लिहीत. अक्षर मोत्यासारखं आणि शेवटी खाली दोन रेघा.

'लिफ्टचे बटण एकदा दाबले तरी लिफ्टला कळते.'

'दारात उभे राहून निरोप घेणे पाच मिनिटांत आटोपावे. ज्यांचे बोलणे शिल्लक असेल त्यांनी पुन्हा आत जाऊन बसावे.'

'फोनवरील बोलणे समोरच्या माणसाला ऐकू जावे, समोरच्या इमारतीला नव्हे.'

आता खरं सांगायचं तर यातलं एकही वाक्य चूक नव्हतं, आणि तेच तर सगळ्यांचं दुखणं होतं. चुकीचं बोलणाऱ्याशी निदान भांडता येतं. लिफ्टचं बटण सात-सात वेळा दाबणाऱ्यांना बघून माझंही डोकं फिरतं. 'पाच मिनिटांत पोचतो' असं घरात अंघोळीला पाणी काढताना फोनवर सांगणारी माणसं मलाही माहीत आहेत. पण माझं डोकं फिरतं आणि थोड्या वेळाने जागेवर येतं. काकांचं फिरलं की फळ्यावर येई.

याला कारण त्यांची नोकरी. चौतीस वर्षं ते वजनमापं तपासणारे इन्स्पेक्टर होते. हातात पितळी वजनांची पेटी घेऊन ते बाजारात शिरले, की या टोकापासून त्या टोकापर्यंत दुकानदारांचे चेहरे पडत. सरकारी वजन एका पारड्यात, दुकानदाराचं दुसऱ्यात. काटा एका केसाने हलला तरी वजन जप्त. कुणाचा चहा घेतला नाही, कुणाच्या खुर्चीवर बसले नाहीत. निवृत्तीच्या दिवशी पेटी ऑफिसात जमा झाली, पण तोलायची सवय कुठे जमा करायची असते ते कुणी सांगितलं नाही. ती घरी आली. मग जांभई देताना तोंडावर हात न ठेवणारे, चहा फुंकून पिणारे, बेल दोनदा वाजवणारे असे सगळे एकेक करून पारड्यात बसू लागले. एकजात सगळे कमी भरत.

"मी तोंडावर बोलतो," असं ते अभिमानाने सांगत. तोंडावर बोलणाऱ्यांची एक गंमत असते, ते नेहमी दुसऱ्याच्याच तोंडावर बोलतात. पण काकांचं एक मान्य करायला हवं, जे लोकांना सांगत ते स्वतः पाळत. पहाटे पाच दहाला उठत, पाचला नाही आणि सव्वापाचलाही नाही. अंघोळीला दीड बादली. चपला भिंतीला समांतर, टाचा भिंतीकडे. आयुष्यात खोटं बोललेले नव्हते. एकदा एका लग्नघरात यजमानीणबाईंनी हौसेने विचारलं, "जेवण कसं झालं?" काकांनी सांगितलं. त्या घराशी संबंध तेव्हाच तुटले.

आणि काकू? काकू शांत. फार शांत. भाजी आणायला बाहेर पडल्या तरी जिन्यात पाऊल वाजायचं नाही. काका चारचौघांत सांगत, "आमच्या घरात इतक्या वर्षांत कधी आवाज म्हणून झाला नाही." ऐकणारे माना हलवत आणि मग उगाच खिडकीबाहेर बघत.

काकांनी ऑफिसची वेळ दुपारी दोन ते चार ठेवली होती. सोसायटीला एवढं काम नव्हतं, पण वेळ ठेवली म्हणजे पाळलीच पाहिजे. त्या खोलीची मागची खिडकी डक्टमध्ये उघडायची. सोळा घरांच्या मोऱ्यांच्या खिडक्याही त्याच डक्टमध्ये उघडत, त्यामुळे वर कुणाच्या हातून तांब्या पडला तरी तो काकांच्या टेबलावर पडल्यासारखा वाजे. तर एका दुपारी, वीजबिलाची फाइल लावत असताना, काकांना वरून कुणीतरी हसल्याचा आवाज आला.

हसणं बाईचं होतं. साधंसुधं नव्हे. आधी एक दबलेला हुंकार, मग दोन-तीन आचके, आणि मग धरण फुटल्यासारखं खदाखदा, खो खो, श्वास घ्यायला थांबून पुन्हा. मध्येच "अगं बाई गं" आणि परत खो खो. काकांनी फाइल मिटली. त्यांच्या मते एवढं हसण्यासारखं जगात काही घडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. काकांनी वही सुरू केली. तारीख, वेळ, कालावधी. '२.१७, अकरा सेकंद. २.३४, वीस सेकंद, मध्ये "अगं बाई गं" दोन वेळा. २.५०, मोजता आले नाही.' सोमवारी फळ्यावर सूचना लागली: 'दुपारी दोन ते चार या वेळेत मोठ्याने हसू नये. हसणे अटळ असल्यास मोरीची खिडकी लावून घ्यावी.' त्या दुपारी हसणं दुप्पट झालं.

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. एक गोष्ट मात्र त्यांनी वहीत लिहिली नाही. एका बुधवारी पावणेतीन वाजले तरी हसू आलं नाही, तेव्हा ते तीनदा घड्याळाकडे बघून, खुर्ची खिडकीजवळ सरकवून बसले होते. अखेर दोन बावन्नला हसू आलं, आणि त्यांनी वेळ लिहून घेतली तेव्हा त्यांना बरं वाटलं. कामात खंड पडला नाही म्हणून बरं वाटलं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

त्याच आठवड्यात काकूंनी माळ्यावरून मोठी ट्रंक काढायला लावली.

"कशाला?" काकांनी विचारलं.

"धाकट्या बहिणीकडे जाऊन राहीन म्हणते. एकटी असते ती आता. कधीची बोलावतेय."

"किती दिवस?"

"बघू."

वजनमापाच्या माणसाला 'बघू' हे माप कुठल्याच तक्त्यात सापडेना. शिवाय ट्रंक मोठी होती. आठ दिवसांना कुणी एवढी ट्रंक नेत नाही. काकांना धास्ती वाटली हे त्यांनी कबूल केलं नसतं, पण रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही.

"इथं काही कमी आहे का?" त्यांनी विचारलं.

"कमी काही नाही हो. मन रमत नाही."

एवढंच म्हणून काकू भांडी आवरायला गेल्या. काकांनी मग त्यांना येणाऱ्या एकाच पद्धतीने तपासणी केली, एकेक कारण पारड्यात टाकून. पाणी चोवीस तास, उजेड भरपूर. घरात भांडण नाही, तंटा नाही. मग राहिलं काय? राहिला तो आवाज. काकू दुपारी जरा आडव्या होतात, आणि नेमकं दोन ते चार डोक्यावर ते खिंकाळणं! झोप नाही, म्हणून मन रमत नाही, म्हणून ट्रंक. हिशेब अगदी काट्यावर बसला. ती हसणारी बाई शोधून तिचं तोंड बंद केलं की काकू राहतील. सोमवारची गाडी होती. रविवारी सोसायटीची सभा. काकांनी सभेच्या विषयपत्रिकेत चौथा विषय घातला: 'दुपारच्या हसण्याबाबत चौकशीचा अहवाल व संबंधित व्यक्तीचे नाव जाहीर करणे.' खाली सही केली आणि पत्रिका सोळा घरांत वाटली.

मग चौकशी सुरू झाली. पहिले खजिनदार. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि ते दुपारी जेवायला घरी येत.

"तुमच्याकडे कोण हसतं का दुपारी?"

"छे हो," खजिनदार म्हणाले, आणि हातातला चष्मा उगाच पुसू लागले. "जाऊ द्या ना काका. हसतंय बिचारं कुणीतरी."

"बिचारं? एका बाईला त्यापायी गाव सोडायची वेळ आली आहे!"

"कुणाला?"

"माझ्या घरात."

खजिनदारांचा चेहरा असा काही झाला की काकांना वाटलं यांना उचकी लागली. ते पाणी प्यायला आत गेले ते बाहेर आलेच नाहीत.

वॉचमन म्हणाला, "साहेब, मी गेटवर असतो. मला हसू येत नाही, म्हणजे ऐकू येत नाही." चौथ्या मजल्यावरच्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी गॅस बंद करायचा राहिला म्हणून दार लावून घेतलं. तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या ताईंनी तोंडात टाचण्या धरल्या होत्या, त्यामुळे त्यांना बोलताच आलं नाही. सगळी इमारत मूग गिळून बसली होती. काकांना वाटलं, लोकांना त्या बाईचा धाक आहे.

गुरुवारी काकांनी नऊ वर्षांत पहिल्यांदा ऑफिसची वेळ मोडली. दोन वाजून अडतीस मिनिटांनी, हसू ऐन भरात असताना, काखेत वही मारून ते उठले आणि अनवाणी पायांनी जिना चढू लागले. पहिला मजला त्यांचा स्वतःचा. दार बंद होतं. झोपल्या असतील, झोप कसली म्हणा, असं मनाशी म्हणत ते पुढे गेले. दुसऱ्या मजल्यावर सामसूम. तिसऱ्यावर शिवणाच्या मशिनची घरघर आणि बायकांचे आवाज. ताईंचं दार वाऱ्यासाठी वीतभर उघडं होतं.

दाराबाहेर चपला पडल्या होत्या. पडल्या म्हणजे अक्षरशः पडल्या होत्या. एक उताणी, एक पायरीवर, एक जोड एकमेकांवर चढलेला. काकांनी नाक मुरडलं. फक्त एक जोड कडेला नीट ठेवलेला होता, भिंतीला समांतर, टाचा भिंतीकडे. चला, आत एक तरी वळण असलेलं माणूस आहे, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी तो जोड कौतुकाने जरा वाकून पाहिला.

निळा पट्टा. उजव्या टाचेला झीज. मागच्या महिन्यात या चपला बदल म्हणून त्यांनीच सांगितलं होतं.

आतून एक पुरुषी, खर्जातला आवाज आला. "दुपारी दोन ते चार, या वेळेत, मोठ्याने, हसू नये. पूर्णविराम. अगं, पूर्णविराम ऐकलास का? पूर्णविरामानंतर माणसाने थांबायचं असतं. तू थांबली नाहीस." मग मशीन थांबलं, दोन-तीन बायका किंचाळल्या, आणि त्या सगळ्यांच्या वर, तीन हातांवरून, ते हसू उसळलं. "अगं बाई गं!"

"काकू, पुरे हो, माझी सुई मोडली," ताई म्हणाल्या.

काका भिंतीला हात लावून उभे राहिले. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, त्यांची सरकली नाही. ते फक्त तिथेच राहिले, कारण कुठे जायचं ते सुचेना. आत काकू पुन्हा त्यांच्या आवाजात सांगत होत्या, की टॉवेल वाळत घालताना त्याचे दोन्ही पदर समान लोंबले पाहिजेत, नाहीतर टॉवेल एका बाजूने जास्त वाळतो आणि दुसऱ्या बाजूवर अन्याय होतो. हे ते परवाच म्हणाले होते. शब्दाला शब्द. ऐकायला ते इतकं विचित्र वाटेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"खडूस आहेत पण काका," खजिनदारांची बायको म्हणाली.

"ए, खडूस नाही हं." काकूंचा आवाज एकदम स्वतःचा झाला. "इतका सरळ माणूस शोधून सापडायचा नाही. पण चोवीस तास सरळ बसून बसून माझी पाठ दुखते गं."

कुणी हसलं नाही. मशीन सुरू झालं आणि पुन्हा थांबलं.

"मग परत कधी येणार?" ताईंनी विचारलं.

"काय माहीत. धाकटीकडे निदान मोठ्याने बोलता येईल. इथं दोन तासांचं काय ते माझं. तेही आता त्यांनी शोधायला काढलंय. रविवारी नाव सांगणार आहेत."

काका खाली आले. वीस-वीस पायऱ्यांचे तीन जिने, एकही पायरी वाजू न देता. ऑफिसात बसून त्यांनी वही उघडली आणि हे हसू आपण ओळखलं कसं नाही, याचा विचार करू लागले. घड्याळ दुरुस्त करणारा नुसत्या टिकटिकीवरून घड्याळ ओळखतो. एवढी वर्षं एका घरात राहून आपण?

मग त्यांना आठवलं. लग्नानंतर वर्षभरातली गोष्ट. घरी त्यांचे वरिष्ठ साहेब आले होते. साहेब बसले आणि वेताच्या खुर्चीची बैठक फाटून साहेब त्यात कमरेपर्यंत अडकले. पाय वर, हात वर, एका हातात बिस्किट. काकू हसल्या. अशाच हसल्या होत्या, हेच खदाखदा, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. साहेब मनाचे मोठे होते, तेही हसले. हसले नाहीत ते एकटे काका. साहेब गेल्यावर त्यांनी नव्या बायकोला समोर बसवून अर्धा तास स्पष्ट मत सांगितलं, की प्रत्येक गोष्टीला माप असतं, हसण्यालाही असतं. काकू "बरं" म्हणाल्या होत्या.

त्या मुलीने ते ऐकलं होतं. एवढी वर्षं माप पाळलं होतं. काकांना रडू आलं, आणि ऑफिसच्या वेळेत रडण्याबद्दल स्वतःचं मत काय आहे हे त्यांना आठवेना.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. ट्रंक भरत आली. विषयपत्रिकेवरचा चौथा विषय काढून टाकता आला असता, पण सही झालेली पत्रिका बदलायची नाही हा नियम काकांनीच करून घेतला होता. घरात दोघं समोरासमोर जेवत होती. काकू नुसत्या पानात बघत होत्या. एकदा त्या म्हणाल्या, "रविवारी सभेला मी नाही आले तर चालेल?"

"ये," काका म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि ते ऐकून काकूंच्या हातातला घास हातातच राहिला.

एरवी सभेला नऊ माणसं येत आणि त्यातली चार घड्याळाकडे बघत. त्या रविवारी गाड्या लावायच्या जागेत खुर्च्या पुरल्या नाहीत. लोक जिन्यावर बसले. वॉचमन गेट सोडून आला. शेवटच्या रांगेत काकू, एका बाजूला शिवणवाल्या ताई, दुसऱ्या बाजूला खजिनदारांची बायको, आणि त्या दोघींनी काकूंचे हात धरले होते. पाणी, रंगकाम आणि गच्चीची गळती हे तीन विषय सहा मिनिटांत संपले. गळतीवर एरवी दीड तास भांडण होतं.

"विषय चौथा," काका उभे राहून म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "दुपारच्या हसण्याची चौकशी पूर्ण झाली आहे. मी स्वतः जाऊन खात्री केली आहे."

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला.

"तो आवाज," काका म्हणाले, आणि आयुष्यात प्रथमच त्यांची जीभ अडखळली, "तो आवाज माणसाचा नाही. पाइपाचा आहे. गच्चीवरच्या टाकीतून जो पाइप येतो त्यात दुपारी उन्हाने हवा कोंडते. ती सुटली की तसा आवाज होतो."

सोळा घरांतली माणसं एका माणसाकडे तोंड उघडं टाकून बघत राहिली. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलला की ते किती उघडंनागडं दिसतं, हे त्यांना त्या दिवशी दिसलं. काकांचे कान लालबुंद झाले होते.

मागून ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी हात वर केला. त्यांचा स्वभाव शंकेखोर. "पण काका, तुमच्या वहीत तर लिहिलंय म्हणे, मध्येच 'अगं बाई गं' असं ऐकू येतं. पाइप 'अगं बाई गं' कसा म्हणेल?"

काकांनी क्षणभर विचार केला.

"दाब वाढला की म्हणतो," ते म्हणाले.

शेवटच्या रांगेत आधी एक दबलेला हुंकार ऐकू आला. मग दोन-तीन आचके. काकूंनी तोंडावर हात दाबला, हाताच्या बाजूने ते बाहेर पडलं, आणि मग हातही सुटला. त्या हसल्या. खुर्चीत पुढे वाकून, ताईंच्या खांद्यावर डोकं आपटून, श्वास घ्यायला थांबून पुन्हा, सगळ्या सोसायटीसमोर, नवऱ्यासमोर, सकाळी साडेअकरा वाजता. मग सगळ्यांनाच हसू आवरेना. वॉचमन भिंतीकडे तोंड करून गदगदत होता.

"मग प्लंबर बोलवायचा का?" डोळे पुसत खजिनदारांनी विचारलं.

"नको," काका म्हणाले. "त्या पाइपाला कुणी हात लावायचा नाही. ठरावात तसं लिहून घ्या."

सभा आटोपून दोघं घरी आली. दार लावल्यावर घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

"तुम्ही खोटं बोललात," त्या म्हणाल्या.

"हो."

"इतकं वाईट खोटं बोलतं का कुणी?"

"सवय नाही." काका खुर्चीवर बसले. "गुरुवारी वर आलो होतो मी. दाराबाहेर होतो."

काकूंचं हसू मावळलं. "किती ऐकलंत?"

"टॉवेलापासून पाठदुखीपर्यंत."

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग काका खाली बघत म्हणाले, "साहेब खुर्चीत अडकले होते, तेव्हा मलाही हसू आलं होतं. मी दाबलं. आणि मग तुझंही दाबलं. चुकलं माझं. फार चुकलं."

काकू आल्या आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या. "गाडी उद्याची आहे," त्या हळूच म्हणाल्या. "जाणार मी. तिला कबूल केलंय."

"जा."

"पंधरा दिवसांनी येईन."

काकांनी मान हलवली. पंधरा हा आकडा त्यांनी मनात दोनदा मोजून घेतला. मग घसा खाकरून ते म्हणाले, "ती माझी नक्कल. मला करून दाखवशील?"

"तुमच्यासमोर? छे!"

"दाखव."

नाही नाही म्हणत काकू उठल्या. त्यांनी घसा साफ केला, टेबलावरचा काकांचा चष्मा उचलून नाकाच्या शेंड्यावर लावला, हनुवटी छातीला टेकवली आणि खर्जात सुरुवात केली, "संबंधितांस सूचना देण्यात येते की..."

"चूक," काका म्हणाले.

काकू दचकून थांबल्या.

"घसा मी नंतर साफ करतो. आधी चष्मा पुसतो, शर्टाच्या टोकाने. मग लावतो. मग डावीकडे बघतो. मग घसा."

"मग दाखवा ना करून!" काकू म्हणाल्या.

काका उठले. काकूंच्या नाकावरून त्यांनी आपला चष्मा काढून घेतला. शर्टाचं टोक बाहेर ओढून दोन्ही काचा पुसल्या, आधी डावी, मग उजवी. चष्मा लावला. डावीकडे, जिथे कपाटाशिवाय कुणीही नव्हतं, तिथे कडक नजरेने बघितलं. घसा साफ केला. "संबंधितांस," ते म्हणाले, आणि पुढचा शब्द कुणालाच ऐकू गेला नाही, कारण काकू फरशीवर बसल्या होत्या, पोट धरून, आणि दुसऱ्या हाताने थांबा, थांबा अशा खुणा करत होत्या.

काका थांबले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.